पोतनीसजींची जीभ

नाव आधी लिहिते. मुकुंदराव पोतनीस, राहणार ओरछा गेटच्या आतली गल्ली, झाशी. काय झालं ते मागाहून सांगेन, कारण मी सांगायला लागले की घाबरत घाबरत सांगते आणि ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. गावापासून इतक्या लांब, दुसऱ्यांच्या भाषेत, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी आजही तव्यापुढे उभी आहे ती या माणसामुळे. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला लिहिणं म्हणजे नव्या चुलीवर पहिली पोळी टाकण्यासारखं आहे. करपली तर करपली.

आमचा कारखाना शहराबाहेर आहे. लोखंडी टाक्या बनतात. मालक खासगी आहेत, पण चाल पक्की सरकारी. उन्हाळ्यात ज्या टेबलामागचा कूलर चालू, तो बाबू हजर, असा हिशेब. बाबू स्वतः सीपरी बाजारात भाजी घेत असला तरी कूलर इमानदारीने पाणी उडवत असतो. माझा नवरा बाळू इथे ठेक्यावर वेल्डर. बीड जिल्ह्यातून त्याच्यामागे आले आणि नगरा नावाच्या वस्तीत एका खोलीत बिऱ्हाड मांडलं. पुढे कॅन्टीनमध्ये रोट्या करायला लागले.

थोरल्या मालकांनी फार पूर्वी एक नियम घालून ठेवला होता. कामगारांचं जेवण सुटण्याआधी एका अधिकाऱ्याने ते चाखायचं आणि दारातल्या फळ्यावर शेरा लिहायचा, त्याशिवाय पंगत सुरू करायची नाही. थोरले मालक गेले, नियम राहिला. मी आले तेव्हा फळ्यावर ‘आज का भोजन चखा गया : संतोषजनक’ हे सगळं ऑइल पेंटने रंगवलेलं होतं. रोज बदलायची ती फक्त तारीख, खडूने. ज्या साहेबांची पाळी असेल ते फोन करायचे.

“आज क्या है?”

“कद्दू, साहब.”

“बढ़िया है.”

झालं चाखून.

पोतनीसजी हजेरी खिडकीवरचे बाबू. उंच, किडकिडीत, शर्टाची इस्त्री अशी की बसले तरी शर्ट उभाच. एका सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी सक्सेना साहेबांना, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या साहेबांना, विचारलं की जेवण रोज वेगळं असतं तर शेरा रंगाने का लिहिलाय? मी चहाचे कप मांडत होते. साहेब हसले. “तो आप ही चख लिया कीजिए, पोतनीसजी. रोज़. आज से यही आपका काम.” सगळी मीटिंग हसली. ही शिक्षा होती, हे माझ्यासारख्या नवखीलाही कळलं. कळलं नाही ते एका पोतनीसजींना. त्यांनी उभं राहून दोन्ही हात जोडले आणि घरी जाऊन तंबाखू सोडली.

दुसऱ्या दिवशी ते रॉकेलची बाटली आणि जुनं धोतर घेऊन आले आणि ‘संतोषजनक’ घासायला लागले. रंग जुना, हाडात मुरलेला. कामगार गोळा झाले. “काए बाबूजी, का कर रए?” कोणी विचारलं. पोतनीसजी म्हणाले, “जगह बना रहा हूँ.” अक्षरं गेली, पण त्या जागी फळा पांढुरका पडला तो आजही तसाच आहे.

त्याच दिवशी त्यांनी मला ओळखलं. गरम तवा लागून मी “आई गं” म्हणाले, आणि खिडकीतून चष्मा आत आला. “तुम्ही आपल्यातल्या?” मी घाबरून हो म्हटलं, नाव सांगितलं. “आमची मंडळी इथे कारभारात आली ती इथेच राहिली. मी झाशीबाहेर जेवायचं म्हटलं तरी ग्वाल्हेर. शोभाबाई, तुमच्या मुदपाकखान्यात हात धुवायला कुठे?”

पत्र्याची शेड, दोन गॅसच्या शेगड्या आणि एक गळका नळ. पण पोतनीसजी तिला शेवटपर्यंत मुदपाकखानाच म्हणत राहिले. त्यांचं मराठी असंच, जुन्या ट्रंकेतून घडी काढून आणल्यासारखं, आणि मध्येच हिंदीचं ठिगळ. “आज कोशिंबिरीत मीठ आहे, पर लगता नहीं.” त्यांचा मुलगा गुडगावला. तो फोनवर त्यांचं मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. त्यामुळे मी सापडले तेव्हा त्यांना जेवणापेक्षा बोलायची भूक जास्त लागली असावी.

आता त्यांची पद्धत. पहिल्या दिवशी कॅन्टीनचा ठेकेदार रज्जन भैय्या याने स्टीलच्या वाटीत वाफाळती डाळ आणि चमचा आणून ठेवला. पोतनीसजींनी वाटी मागे सारली.

“भैया, यह तो पहले आदमी की दाल है. आख़िरी वाले की लाओ.”

रज्जनला कळेना. मलाही नाही. मग त्यांनी मला मराठीत समजावलं, “शोभाबाई, पहिल्या पंगतीला शिजवणारा कोणीही चांगलाच असतो. भट्टीवाले सगळ्यात शेवटी सुटतात. त्यांच्या ताटात जे पडतं ते जेवण. बाकीची जाहिरात.” तेव्हापासून एक ताट लवकर वाढून, झाकून खिडकीत ठेवायचं. रोटी चामट झाली, डाळीवर साय धरली की पोतनीसजी बाकावर बसून ते ताट जेवायचे. चमच्याने नाही, हाताने, अख्खं. झाल्यावर डोळे मिटून बसायचे. रज्जन म्हणायचा, “सो गए का?” ते डोळे न उघडता म्हणायचे, “पेट की राय आ रही है.”

मग फळा. त्यांचे शेरे सरकारी हिंदीत आणि कामगारांच्या सोयीचे असायचे. ‘दाल में नमक अपेक्षा से अधिक. कृपया चावल बढ़ाकर लें.’ एकदा दुधीच्या भाजीवर लिहिलं, ‘लौकी सामान्य. लौकी से इससे अधिक की आशा उचित नहीं.’ ‘संतोषजनक’ हा शब्द मात्र त्यांनी कधी वापरला नाही. म्हणायचे, “तो शब्द बाटलाय.” त्यांच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी पदवी ‘ठीक’. ज्या दिवशी फळ्यावर ‘रोटी ठीक’ आलं, त्या दिवशी मी बाळूला दोनदा तेच सांगितलं.

पण हा माणूस सहन करायला सोपा नव्हता, हेही लिहायला पाहिजे. जिरं भाजून घालावं की कच्चं, यावर ते भाषण द्यायचे आणि बाहेर भुकेली माणसं थाळ्या वाजवायची. स्वतःला चहा करता येत नव्हता. एकदा गॅसची कळ उलटी फिरवून मलाच ओरडले. कामगारांनी नाव ठेवलं होतं ‘चाखनलाल’. त्यांना ते माहीत होतं. “बापाने ठेवलेल्या नावापेक्षा कामाने ठेवलेलं बरं,” म्हणायचे आणि मान अशी करायचे, जशी काही पदवीच मिळालीय.

त्यांच्या घरी मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. सुधाकाकू, त्यांच्या मिसेस, वाण देता देता म्हणाल्या, “तुमच्याकडे ते कढीवर व्याख्यान देतात म्हणे? इथे मी इतकी वर्षं आमटी वाढतेय, हूं की चूं नाही.” पोतनीसजी वर्तमानपत्रातून म्हणाले, “इथे माझी नेमणूक नाही.” काकूंनी तिळगुळाचा डबा असा आपटला की बाहेर गाय दचकली.

अशा माणसाला ताप आला, आणि ताप उतरला तो चव घेऊन गेला. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी ते सांगता येत नाही. दुसरा कोणी असता तर कोणाला कळलंसुद्धा नसतं. फळ्यावर ‘ठीक’ लिहायला जीभ लागत नाही. आमच्या कारखान्यात तर डोकंही लागत नाही. पण पोतनीसजी सोमवारच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. मी चहा ओतत होते.

“साहब, मेरी ज़बान काम पर नहीं है. जब तक लौट न आए, चखने का ज़िम्मा किसी और को दिया जाए.”

सगळी मीटिंग हसत सुटली. कुणी म्हणालं, ज़बान की मेडिकल लीव भरो. हजेरीचा दुसरा बाबू म्हणाला, आधी हेल्मेटवाल्याला काढा, त्याने कधी मशीनच्या शेडमध्ये पाय ठेवला नाही. सेफ्टीवाले साहेब रागावले. त्यांचं हेल्मेट खरंच खिळ्यावर टांगलेलं असतं आणि त्यात चिमणीने घर केलंय. सक्सेना साहेबांनी डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, “पोतनीसजी, कंपनी की नज़र में आपकी ज़बान बिल्कुल ठीक है. जाइए, चखिए.”

बाहेर आल्यावर ते माझ्यापुढे उभे राहिले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“शोभाबाई, काही दिवस तुमची जीभ उसनी द्या.”

“अहो, पण स्वयंपाक माझाच. मीच कसं सांगू?”

“तीच तर गंमत. स्वतःच्या पोळीला नापास करता आलं पाहिजे.”

मग रोज खिडकीतलं ताट ते जेवायचे आणि समोर एका वाटीत थोडं थोडं घेऊन मी बसायचे. ते पुस्तकी प्रश्न विचारायचे. मीठ कुठे लागतं, टोकाला की मागे? तिखट येतं की भाजतं? मी जे म्हणेन तेच फळ्यावर जायचं. स्वतःच्या डाळीला ‘पानी अधिक’ म्हणताना पहिल्या दिवशी माझे कान तापले. पण दुसऱ्या दिवशी डाळ दाट झाली, हेही खरं.

पावसाळ्यात गोदामाचं छत गळलं आणि पिठाच्या पोत्यांना ओल लागली. ते कळायला पोतनीसजींची जीभ काय, कुणाचंही नाक पुरेसं होतं. पोतं उघडलं की कुबट भपकारा यायचा. मी रज्जनला सांगितलं. तो गुटखा चघळत म्हणाला, “काए भौजी, आप तो महारानी हो गईं. नए आटे में मिला दो. सब खा लेत हैं.” परत सांगितलं. तेव्हा तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाळू भैया अच्छो वेल्डर है. मेरो साढ़ू बतात रओ तो.” बाळूचा ठेका रज्जनच्या साडूकडे होता. पुढचं बोलायची गरजच नव्हती. मी पीठ मिसळलं.

त्या दिवशी कानपूरहून मालकांचे जावई कारखाना बघायला आले होते. गेटवर चुना टाकला होता. ‘काम ही पूजा है’ असा मोठा कापडी फलक लावला होता आणि तो बांधायला माणसं नेली म्हणून दोन मशीन बंद होत्या.

पोतनीसजी नेहमीच्या वेळी आले, बसले, जेवू लागले. मी समोर. रज्जन दारात, हातात झारा. मी रोटीचा तुकडा तोंडात घातला. जिभेवर कुबट रोटी होती आणि डोळ्यांपुढे नगऱ्यातली खोली, बाळूचा काळा चष्मा, गावाकडे जाणारी गाडी. आम्ही दोघेही एकाच वाक्यात बेकार होणार होतो.

“हं, शोभाबाई?”

मी म्हटलं, “तुम्हीच बघा ना.”

पोतनीसजींनी दाराकडे पाहिलं, झाऱ्याकडे पाहिलं. मग मराठीत, अगदी सावकाश म्हणाले, “मला तुमचं मत नको आहे. मत मी बनवीन, माझ्या नावाने. मला फक्त चव सांगा.”

“कुबट आहे,” मी म्हणाले. “घशाशी कडू येतंय.”

त्यांनी मान हलवली. आणि मग, मी आजही विसरत नाही, त्यांनी ताटातली उरलेली रोटी एकेक घास करत पूर्ण खाल्ली. मी हात पुढे केला तर म्हणाले, “खाल्ल्याशिवाय कसं लिहिणार?” हात धुतले, फळ्याकडे गेले. ‘रोटी खाने योग्य नहीं. भोजन रोका जाता है.’

सक्सेना साहेब धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“आज? आज ही, पोतनीसजी? जमाई बाबू आए हुए हैं!”

“जी. रोटी भी आज ही की है.”

“मिटाइए इसे.”

“आप चख लीजिए, साहब. आप कहें तो मिटा दूँगा.”

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. ते घरचा डबा खातात. त्यांनी हात खिशात घातला.

रज्जन ओरडला, “साहब, इनको तो स्वाद आता ही नहीं! ख़ुद मीटिंग में बोले थे. यह सब इस औरत का बोला हुआ है!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोतनीसजी माझ्या आणि साहेबांच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्यांची कडक इस्त्री सोडून मला पुढचं काही दिसेना.

“साहब, आपने सबके सामने फ़रमाया था कि कंपनी की नज़र में मेरी ज़बान बिल्कुल ठीक है. मैं कंपनी का आदमी हूँ. मैंने मान लिया. थाली मैंने खाई है, लिखा मैंने है. इन्होंने परोसा है बस.”

रांगेतला एक फिटर हसला. मग सगळी रांग. सक्सेना साहेबांना आपलंच वाक्य गिळावं लागलं, आणि ते त्या रोटीपेक्षा कडू लागलं असावं.

तांदूळ कोरडे होते. मी घाईघाईने खिचडी टाकली. जेवण उशिरा सुटलं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते कामगारच ओरडत होते, “चाखनलाल, भूखों मार दओ!” तेवढ्यात जावईबापू आले. रिकाम्या थाळ्या घेऊन एवढी माणसं ओळीत उभी बघून त्यांना वाटलं, आपल्या स्वागताला उभी आहेत. त्यांनी एकेकाला नमस्कार केला, गहिवरून स्वतः थाळी घेतली आणि खिचडी खाल्ली. त्याचा फोटो निघाला. तो अजून ऑफिसात लावलाय, खाली लिहिलंय ‘मालिक-मज़दूर, एक थाली’. सक्सेना साहेब फोटोत मधोमध आहेत.

पोतनीसजी फोटोत नाहीत. जीभ रजेवर असली तरी पोट कामावर हजर होतं. दुपारभर हजेरीची खिडकी बंद राहिली आणि संडासाबाहेर त्यांच्या चपला.

संध्याकाळी रज्जन म्हणाला, “कल से मत आना, भौजी.” मी बाळूला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत बसून राहिले, उगाच डबे पुसत.

तिकडे काय झालं ते मला नंतर अनेकांनी सांगितलं. पोतनीसजी आले, ताटापुढे बसले आणि हात मांडीवर ठेवून तसेच राहिले. भोंगा झाला. लोक आले. “चखिए न, बाबूजी!”

“ज़बान नहीं आई अभी.”

सक्सेना साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, “कल तो ठीक थी!”

“कल का खाना खाकर बिगड़ गई, साहब.”

शेऱ्याशिवाय पंगत नाही, हा थोरल्या मालकांचा नियम, आणि जावईबापू अजून गेस्ट हाऊसमध्ये. थाळ्या वाजायला लागल्या. कोणी माझ्यासाठी वाजवत नव्हतं, भुकेने वाजवत होते. पण आवाज तोच. शेवटी रज्जनने ऑटो पाठवला. ऑटोवाला आमच्या दारात येऊन म्हणाला, “जल्दी चलो भौजी, पोतनीसजी की ज़बान मँगाई है.” शेजारणी अजून मला त्यावरून चिडवतात.

मी पोचले. पोतनीसजींनी विचारलं नाही की काय झालं. फक्त बाक पुसला आणि म्हणाले, “बसा. डाळ गार झाली.” मी चाखलं. त्यांनी लिहिलं. बाळूचा ठेकाही राहिला. जावईबापूंना खिचडीवाली बाई आवडली होती म्हणे, त्यामुळे रज्जनच्या साडूची हिंमत झाली नाही. गोदामाचं छत नीट झालं. पुढच्या गुणवत्ता सप्ताहात त्याबद्दल एक प्रशस्तिपत्रक मिळालं, रज्जनला.

पोतनीसजी रिटायर झाले तेव्हा सभा झाली, शाल, हार, भिंतीवरचं घड्याळ. सक्सेना साहेब म्हणाले, “पोतनीसजी से हमने सीखा कि कोई काम छोटा नहीं होता.” भाषण त्यांनी चौकीदाराच्या निरोपाला केलं होतं तेच. मध्ये एकदा चौकीदाराचं नावही आलं. पोतनीसजींनी त्यालाही हात जोडले.

रिटायर होणाऱ्याला कंपनीची गाडी घरी सोडते. गाडी गेटवर हॉर्न देत होती आणि पोतनीसजी सापडेनात. ते मुदपाकखान्यात होते, चार्ज द्यायला. चाखण्याचं काम आता नव्या मिश्रा मॅडमकडे होतं. पोरगी हुशार, पण मोबाइल हातातून सुटत नव्हता. पोतनीसजी गळ्यात हार, खांद्यावर शाल, काखेत घड्याळाचा खोका अशा अवतारात तिच्यासमोर उभे. झाकलेलं ताट तिच्यापुढे. तिने चमचा उचलला. त्यांनी तो हळूच बाजूला ठेवला. बाहेर हॉर्न. तिने वैतागून मोबाइल पालथा घातला, हाताने पुरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि थांबली.

“इसमें अजवाइन ज़्यादा है क्या?”

मी पदर तोंडाला लावला. ओवा माझ्याच हातून जास्त पडला होता.

“आपको लग रही है?” पोतनीसजींनी विचारलं.

“हाँ. काफ़ी.”

“तो लिख दीजिए.”

आणि ते मागच्या दाराने निघाले. हारातला झेंडू भांड्यांच्या पाण्यात पडत गेला, तो त्यांनी वळून पाहिला नाही. मला ते शेवटचे दिसले ते असे, गाडीकडे घाईने जाताना, घड्याळाचा खोका सावरत, शर्टाची इस्त्री अजून उभी.

त्यांची चव पुरती परत आलेली नाही, असं काकू फोनवर सांगतात. गोड थोडं कळतं म्हणे. पोतनीसजी, हे कोणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. आम्ही दोन खोल्यांचं घर बघतोय. ज्या दिवशी त्यात चूल मांडेन, त्या दिवशी तुम्हा दोघांना जेवायला बोलावीन. तुमचं देणं मी कधीतरी फेडीन, ते तसंच फेडता येईल. पानात काय कसं झालंय ते तुमच्या समोर बसून मी सांगेन, एकेक पदार्थ, आणि बिघडलं असेल तर बिघडलंय म्हणेन.